आईच्या कुलमुखत्यारपत्राबद्दल, आधी एवढंच करा

आईच्या वतीने बँकेचे, फ्लॅटचे व्यवहार तुम्हाला करता यावेत म्हणून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करायची घाई करताय, ते बरंच आहे. हा कागद आई शुद्धीवर आणि समजून-उमजून सही करू शकते तोवरच होतो. करार कायदा, १८७२च्या कलम २०१नुसार देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं, की मुखत्यारपत्रही संपतं. मृत्यूनंतर तर संपतंच, त्यामुळे ते मृत्युपत्राच्या जागी चालत नाही. बहुतेकजण इथेच फसतात.

सुरुवातीला तीनच गोष्टी:
- 'सर्व अधिकार' असं मोघम लिहू नका. कुठलं खातं, कुठला फ्लॅट, काय करायचं, ते नावानिशी लिहा.
- मसुदा करण्याआधी बँकेत जा. काही बँका स्वतःचाच नमुना मागतात.
- फ्लॅटचे व्यवहार असतील तर दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रारकडे) नोंदणी करा, नुसत्या नोटरीवर थांबू नका.

माझ्या वडिलांचा हात थरथरायचा. बँकेतल्या नमुना सहीत 'कुलकर्णी'ची वेलांटी ऐटीत, कागदावर नुसती वळवळ. तीन खेपा झाल्या. म्हणून आईची सही बँकेत आधी नवी करून घ्या.

आणि हो, कागद वाचून दाखवा. तिला नको असेल ते खोडा. भावंडं असतील तर त्यांनाही आत्ताच सांगा, नंतर चहाचे कप आपटतात. बाकीचं वकिलाकडे जाल तेव्हा बघू.