लेकीनं दूध सोडलं, म्हणजे तिचं काही बिनसलंय का?

"मॅडम, पोरीनं मटण सोडलं, ठीक आहे म्हटलं. मग अंडी, मग दूध-तूप. आता रेशमी साडीलाही हात लावत नाही. हा मानसिक आजार तर नाही ना?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या, नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. थोड्याफार फरकानं तो आता बऱ्याच पालकांकडून ऐकू येतो, म्हणून या कुटुंबाची हकिगत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलगी १९ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरी आई, वडील, आजी. वडिलांना रविवारी रस्सा लागतो. आईचं माहेर निफाड तालुक्यातलं, मामांकडे द्राक्षबाग आणि गोठ्यात म्हशी.

आजाराची शंका मी कधीच झटकून टाकत नाही. खाणं कमी करण्यासाठी, वजनाच्या भीतीपोटी काही मुलं-मुली तत्त्वाचा आडोसा घेतात आणि तो आजार गंभीर असतो. म्हणून तिच्याशी एकटीशी बोलले. ती काय सोडते यापेक्षा काय खाते, हे विचारलं. पोटभर जेवतेस का? आरशात बघून काय वाटतं? जेवल्यावर अपराधी वाटतं का? पाळी नियमित आहे का? वजन भराभर उतरत असेल, पाळी थांबली असेल, चौघांत बसून खाणं टाळलं जात असेल, सोडलेल्या पदार्थांची यादी रोज लांबत असेल आणि मनात फक्त स्वतःचं शरीर असेल, तर पालकांनी वाट बघू नये, मानसोपचारतज्ज्ञांना गाठावं. इथे तसं काही नव्हतं. मैत्रिणींबरोबर ती चवीनं मिसळ खात होती, फक्त दह्याची वाटी बाजूला सारायची. तिच्या बोलण्यात स्वतःचं शरीर नव्हतंच. एक टोणगा होता.

दिवाळीच्या सुट्टीत ती मामांकडे गेली होती. गोठ्यामागे दोरीला बांधलेलं म्हशीचं नर पिल्लू तिला दिसलं. पान्हा फुटण्यापुरतं त्याला आईजवळ सोडायचे आणि लगेच ओढून बाजूला बांधायचे. ते वाळत गेलं आणि तिच्या डोळ्यांदेखत मेलं. तिनं विचारलं तेव्हा मामा खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "टोणग्याला कोण पोसणार, बाळा?"

पुढचं तिनं स्वतः शोधून वाचलं. म्हैस असो की गाय, व्याल्याशिवाय दूध नाही. दूध चालू राहायचं तर पुन्हा गाभण राहायला हवं, आणि साधारण निम्मी पिल्लं नर असणारच. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गायीची आणि २०१५ पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे, पण म्हैस-रेडा त्यात येत नाहीत. भारतातून म्हशीचं मांस मोठ्या प्रमाणावर निर्यात होतं. गोठा आणि कत्तलखाना ही दोन वेगळी जगं नाहीत, एवढं तिला उमगलं आणि दूध तिच्या घशाखाली उतरेना.

यात आजार कुठे आहे? मला तर मन जागं असल्याची खूण दिसली. दुसऱ्या जिवाचं दुःख दिसल्यावर स्वतःचं वागणं बदलणारी माणसं समाजाला हवी असतात. मग ती आपल्याच स्वयंपाकघरात उभी राहिली तर घाबरायचं कशाला? हे मी आईला स्पष्ट सांगितलं.

पण घरातली भांडणं खरी होती आणि त्यांना दोन्ही बाजू जबाबदार होत्या. मुलीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर कत्तलखान्याचे व्हिडिओ टाकले. वडिलांना भरल्या ताटावर म्हणाली, "तुम्ही प्रेत खाताय." वडील ताटावरून उठले. आईनं केलं ते मात्र मला जास्त घातक वाटलं. लेकीला अशक्तपणा येईल या काळजीनं तिनं कणकेत गुपचूप दूध घालायला आणि वरणाच्या फोडणीत तूप सोडायला सुरुवात केली. पोरीला वास आला. त्या दिवसापासून ती घरी फक्त फळं आणि फुटाणे खायला लागली.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना हे मी अगदी कळकळीनं सांगते: लपवून खाऊ घालू नका. चमचाभर तुपानं हाडं बळकट होत नाहीत, पण आईच्या हातच्या घासावरचा विश्वास जातो. विश्वास उडालेलं मूल खरोखरच कमी खायला लागतं. म्हणजे ज्या अशक्तपणाची भीती होती, तो आपणच घरात आणतो.

काळजीला सरळ उत्तर द्यायचं तर रक्त तपासावं. डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला सांगितलं. मुलीचं बी-१२ कमी निघालं. आईच्या पायांना मुंग्या येत होत्या, म्हणून तिनंही तपासलं, तर रोज दूध पिणाऱ्या आईचंही कमी! आपल्याकडे हे सर्रास आढळतं. बी-१२ झाडं बनवत नाहीत आणि जनावरंही नाहीत, जिवाणू बनवतात. प्रौढाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढंच लागतं, पण दूध-अंडी-मांस सगळं सोडणाऱ्यानं ते गोळीतून किंवा बी-१२ मिसळलेल्या पदार्थांतून घ्यायलाच हवं. यात तडजोड नाही, आणि मनाच्या जोरावर ते भरून निघत नाही. त्याच्या कमतरतेनं थकवा येतो, विसरायला होतं, चिडचिड वाढते, मन उदास राहतं. मुलगी चिडकी झालीय असं म्हणण्याआधी ही तपासणी करावी, असं मी म्हणते ते त्यासाठीच.

बाकीचं आपल्या स्वयंपाकघरात आहेच. निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ती २५ ग्रॅमच्या आसपास असतात, सोयाबीनमध्ये ३५ च्या वर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच गायीच्या दुधात सव्वाशेच्या आत-बाहेर. मटकीची उसळ, कुळथाची शेंगोळी, काळ्या उडदाची आमटी आणि बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, पिठलं. आईनं हे बोटांवर मोजलं आणि थांबली. "यात दूध कुठंच नाही की हो," म्हणाली.

तिसऱ्या भेटीत सगळ्यांना एकत्र बसवलं, आजींनाही. मी विचारलं, "या घरात याआधी कुणी काही खायचं सोडलं होतं का?"

आई-वडील गप्प. आजींनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपली.

लग्नानंतर काही वर्षांनी पौष वद्य एकादशीला त्या त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेल्या आणि माळ घालून परतल्या. त्या दिवसापासून मांस-मच्छी बंद. सासू म्हणाली, घराला डाग लावलास. दीर मुद्दाम हाड दाखवून चिडवायचे. "मी कुणाला काही बोलले नाही. माझं भांडं वेगळं ठेवलं. पण पंगतीतून उठले नाही," त्या नातीकडे बघून म्हणाल्या. मग वडिलांकडे वळून: "आणि तू लहान असताना भांडत होतास रे, की आईचं भांडं कुणी बाटवू नका."

वडिलांना ते आठवत होतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. आजींनी पुढे एकनाथ महाराजांची गोष्ट काढली: काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली ती. नातीनं टोणग्याबद्दल जे सांगितलं, ते त्या घरात पहिल्यांदाच कुणी मान वर करून ऐकत होतं.

ज्याला आई-वडील परकं खूळ समजत होते, त्याची एक वाट त्यांच्याच उंबऱ्यातून गेलेली होती. आजी दूध घेतात, नात घेत नाही. दोघींची रेघ वेगळ्या जागी आहे, पण ती ओढण्यामागचं कारण एकच. आपल्या घराचा इतिहास असा विचारून बघा, हे मी प्रत्येक पालकाला सुचवते. माळकरी, महानुभावी, जैन, श्रावण पाळणारं, कुणी ना कुणी सापडतंच.

त्यानंतर ठरलं ते साधं होतं. लपवून काही घालायचं नाही. टोमणे नाहीत. 'प्रेत' हा शब्द ताटावर नाही. बोलायचंच असेल तर जेवण झाल्यावर, आणि समोरच्याला विचारून. आठवड्यातल्या काही संध्याकाळी मुलगी सगळ्यांसाठी रांधेल.

मुलीशी मला वेगळं काम करावं लागलं. तिला कुठे थांबायचं हेच कळेनासं झालं होतं. ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल ती घेईना, कारण आवरण जिलेटिनचं आणि आतलं जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून. प्राण्यांपासून मिळणारं काहीच न वापरणाऱ्यांना व्हीगन म्हणतात. मी तिला व्हीगन सोसायटीची व्याख्या वाचायला दिली. १९४४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेली ही संस्था स्वतःच म्हणते की प्राण्यांचं शोषण शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं टाळायचं. औषध नाकारून आजारी पडणं यात बसत नाही. शिवाय दगडफुलासारख्या, प्राणिज नसलेल्या स्रोतापासून बनलेलं ड जीवनसत्त्वही मिळतं. डॉक्टरांना विचारून तिनं ते घेतलं. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी सरकारनं ठरवून दिलेली, शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याहून वेगळी हिरवी खूण पाकिटावर बघायलाही ती आईला शिकवते आहे.

पैठणीचं मात्र अवघड गेलं. येवल्याची, आईच्या लग्नातली. आईनं ती लेकीसाठी जपून ठेवलेली. कोषातले किडे उष्णतेनं मारून रेशीम काढतात, हे आईलाही आता ठाऊक होतं. मुलगी म्हणाली, "नवीन कधी घेणार नाही, पण हिच्यात तू आहेस." मावसबहिणीच्या लग्नात ती नेसायची की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही, आणि आईनं विचारणं थांबवलं आहे.

खरी गाठ मामांपाशी होती. ती सुटली ती आई एकटी आली तेव्हा. "माझं डी.एड. त्या म्हशींच्या दुधावर झालं, मॅडम. ती दुधाला नाही म्हणते तेव्हा मला वाटतं, माझ्या भावालाच नाही म्हणते." हे ती लेकीशी कधीच बोलली नव्हती. मी म्हटलं, जसंच्या तसं तिला सांगा. तिनं सांगितलं. मुलगी रडली. दूध तिनं पुन्हा सुरू केलं नाही, आणि करावं असं मलाही वाटत नाही. पण द्राक्षांच्या हंगामात ती निफाडला गेली, कोरा चहा प्यायली, आणि टोणग्याचं काय करता येईल यावर मामांशी दोन रात्री भांडली. चारा महाग, दुधाला भाव नाही, हे मामांचं म्हणणं तिनं पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं. दोघांचं पटलेलं नाही. मामांनी तिला पोळ्याला पुन्हा बोलावलंय, आणि ती जाणार आहे.