राउटरला जोडलेली हार्ड डिस्क मधूनच नाहीशी का होते?

प्रश्न : आम्ही नागपुरात प्रतापनगरला राहतो. दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आम्ही वायफाय राउटरच्या यूएसबी पोर्टला जोडून ठेवली आहे. तीत घरचे फोटो आहेत आणि आजीच्या आवाजातील भुलाबाईची गाणीही आहेत. मोबाइलवर डिस्क दिसते. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर मात्र दिसत नाही. शिवाय मोठी फाइल कॉपी करताना टकटक आवाज येतो आणि ती सगळीकडूनच नाहीशी होते. डिस्क खराब झाली असेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : इतर काहीही करण्याआधी डिस्क राउटरवरून काढून थेट लॅपटॉपला जोडा आणि आजीची गाणी व फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या. ती गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करता येणार नाहीत, म्हणून हे काम आजच व्हावे. लॅपटॉपवरही टकटक ऐकू आली, तर डिस्कच निकामी होऊ लागली आहे असे समजावे व ती बदलावी.

लॅपटॉपवर ती निमूटपणे चालली, तर दोष बहुधा विजेच्या पुरवठ्याचा आहे. अशा डिस्कला स्वतःचा अडॅप्टर नसतो. ती यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २.० च्या मानकानुसार पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या मानकानुसार ९०० मिलिअँपिअर प्रवाह द्यायचा असतो, पण राउटरचा लहानसा अडॅप्टर वायफाय सांभाळून तेवढा प्रवाह देऊ शकेलच असे नाही. डिस्कजवळ कान नेऊन ऐका : फिरण्याचा सूर चढत जातो, टक् होऊन खाली येतो आणि पुन्हा चढू लागतो, असे होत असेल तर तिला वीज अपुरी पडते आहे. स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी छोटी पेटी) राउटर आणि डिस्क यांच्यामध्ये जोडल्यास ही अडचण सहसा दूर होते.

लॅपटॉपवर डिस्क न दिसण्याचे कारण वेगळे असावे. अनेक जुने राउटर फाइल देण्यासाठी एसएमबी १ ही जुनी पद्धत वापरतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतील उणिवेचा फायदा घेऊन जगभर पसरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत ती मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. ती विंडोजमध्ये पुन्हा सुरू करण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील; कृपया तो मानू नका, कारण एका डिस्कसाठी सगळा लॅपटॉप धोक्यात घालणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी राउटरचे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडता येते का ते पाहा. डिस्कसाठी युजरनेम व पासवर्डही ठेवा, कारण पासवर्डविना प्रवेश नव्या विंडोजमध्ये बहुधा नाकारला जातो. त्यानंतर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) देऊन पुढे राउटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) लिहिला की डिस्क उघडायला हवी. राउटरमध्ये एसएमबी २ किंवा ३ नसेलच, तर एफटीपी ही फाइल देण्याघेण्याची दुसरी पद्धत त्यात असल्यास वापरता येईल, मात्र फक्त घरातल्या घरात; बाहेरून इंटरनेटवरून प्रवेश देणारा पर्याय बंदच ठेवा.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याबद्दलही सांगायला हवे. बऱ्याच पोर्टेबल डिस्क सुमारे ३५ अंशांपर्यंतच्या तापमानातच वापरायच्या असतात आणि मे महिन्यात दुपारी बंद खोलीतला पारा त्याच्या बराच वर असतो. त्यामुळे डिस्क राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, कूलरच्या ओलसर झोतातही ठेवू नका, आणि त्या दिवसांत गरज नसेल तेव्हा ती काढून ठेवा. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून हब आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. डिस्क काढतानाही आधी राउटरच्या सेटिंगच्या पानावरील सुरक्षितपणे काढण्याचे बटण दाबा, फिरण्याचा आवाज थांबू द्या आणि मगच केबल ओढा.