पोलवर चढण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वीज कंपनीत विद्युत सहायक म्हणून रुजू झालीस आणि पहिल्याच उन्हाळ्यात साहेबांनी थकबाकीची यादी हातात ठेवली, हे वाचून मला नवल वाटलं नाही. नव्या माणसाकडे हे काम लवकर येतं. त्या म्हातारीने दारात उभं राहून तुला विचारलं, "माय, तुले काय भेटस मन्हा घरमा अंधारं करीसन?" आणि तू काही न बोलता वीज तोडून आलीस. रात्री झोप लागली नाही म्हणतेस. बिल भरलं नाही ही त्यांची जबाबदारी, मग मला का लागावं, असं तू विचारलं आहेस.

जबाबदारी त्यांची आहेच. पण तुझी त्यांच्या आधी सुरू होते, म्हणून तुझ्यापासून सुरुवात करतो.

वीज कायदा 2003, कलम 56. हे कलम पाठ कर. थकबाकीसाठी वीज तोडायची तर ग्राहकाला 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, तोडण्याचाही नाही, मधले पंधरा पूर्ण भरले पाहिजेत. यादी हातात आली की आधी नोटिशीची तारीख विचार. दिसत नसेल तर साहेबांना नम्रपणे सांग, "तारीख सांगा, मग जाते." यात उद्धटपणा नाही. उद्या प्रकरण ग्राहक तक्रार निवारण मंचात गेलं तर हीच तारीख तुला आणि साहेबांना दोघांनाही वाचवेल.

आणि नोटीस पोचली कोणाकडे, तेही बघ. हल्ली ती मोबाईलवरही पाठवली जाते. आपल्या गावांत मीटर आजोबांच्या नावावर असतं, आजोबा कधीच गेलेले, आणि नोंदवलेला नंबर सुरतेला किंवा पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा असतो. नोटीस सुरतेत वाजते, वीज एरंडोलला जाते. त्या म्हातारीच्या बाबतीत असंच झालं असेल तर तिच्या प्रश्नाला खरंच उत्तर देणं लागत होतं. दारात गेलीस की आधी विचार, "आजी, बिलाचा निरोप कोणाच्या फोनवर येतो?" नंबर बदलायचा असेल तर तिथेच नोंद करून घे. नाव बदलायचा अर्ज कसा करायचा तेही सांग.

दुसरं बघायचं ते बिल. मागील रीडिंग, चालू रीडिंग, युनिट. मीटर बंद किंवा घराला कुलूप म्हणून सरासरीचं बिल महिनोन्महिने लागत असेल आणि मग एकदम मोठा आकडा आला असेल, तर माणूस घाबरून बिल बाजूला ठेवतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. रीडिंग बंद, हिवाळ्याच्या सरासरीने बिलं, आणि जूनमध्ये उन्हाळ्याच्या वापराचा हिशेब एकदम अंगावर. ज्याचं बिलाबद्दल भांडण आहे त्याला कलम 56 मध्येच वाट ठेवली आहे. त्याने मागितलेली रक्कम हरकत नोंदवून भरावी, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने दर महिन्याचे पैसे भरावेत, यातलं जे कमी असेल ते. तेवढं भरलं की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणखी एक: एखादी रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. हे लोकांना सांगायला घाबरू नकोस. कायदा लोकांना माहीत झाल्याने कंपनी बुडत नाही.

आता लोकांकडे वळू. तू जळगाव शहरात वाढलीस, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

खान्देशात घरगुती थकबाकी साचते ती बहुतेक जून-जुलैत. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याच्या घरात पत्र्याचा कूलर दुपारी सुरू होतो तो पहाटेपर्यंत चालतो. दोनशे वॅटचा कूलर पंधरा तास चालला तर दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. एरवी सत्तर-ऐंशी युनिटांत राहणारं घर दीडशेच्या पार जातं. शंभरानंतरच्या युनिटाचा दर जवळपास दुप्पट आहे. गावात समज असा की शंभर ओलांडले की सगळंच बिल महाग दराने लागतं. तसं नाही, पहिले शंभर स्वस्तच राहतात, वरचे तेवढे महाग. पण वरचेही पन्नास-साठ असले की आकडा फुगतोच. आणि ते बिल येतं नेमकं पेरणीच्या तोंडावर. बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, सगळं त्याच पंधरवड्यात. कापसाचा पैसा दिवाळीनंतर. मग बिल देव्हाऱ्यामागे खोचलं जातं. पुढच्या महिन्यात त्यावर विलंब आकार चढतो, नंतर व्याज.

त्यात 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली. ती पंपाची आहे, घराची नाही. पण पारावर बोलणं होतं, "बिल तं माफ व्हई गयं ना!" आणि घरचं बिलही त्याच माफीत धरलं जातं. हा गैरसमज तुला दारोदार जाऊन काढावा लागेल, आणि तोही उन्हाळ्याच्या आधी. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं वेगळं. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं, स्थिर आकार चालूच राहतो, परत येतात तेव्हा थकबाकीदार झालेले असतात. जाण्याआधी त्यांना मीटरचा फोटो काढून मोबाईल ॲपवरून रीडिंग पाठवायला शिकव.

हे सगळं सांगतो म्हणून लोकांची काहीच चूक नाही असं समजू नकोस. मला सर्वांत जास्त खटकतं ते गप्प बसणं. सातशे रुपये भरायची ऐपत नाही, हे मी समजू शकतो. पण दोनशे घेऊन कार्यालयात यायचं नाही, हप्ते पाडून मागायचे नाहीत, रीडिंग चुकलं असेल तर अर्ज करायचा नाही, 1912 या तक्रारीच्या नंबरवर फोन करायचा नाही, आणि वायरमन पोलवर चढला की आरडाओरड करायची, हे मला पटत नाही. दीपनगरच्या वीज केंद्राची चिमणी आपल्या भुसावळजवळ धूर सोडते म्हणून वीज आपल्याला फुकट मिळावी, असंही मी ऐकलं आहे. त्या चिमणीखाली कोळसा जळतो, माणसं पाळीत राबतात. त्याचे पैसे कोणी तरी देतोच, आणि गावात वेळेवर बिल भरणारी बाई त्यातला वाटा उचलत असते. तिच्याशी प्रामाणिक राहायचं तर वसुली करावीच लागेल.

म्हणून ज्याच्याकडे आहे आणि भरत नाही, तिथे मुळीच कचरू नकोस. दारात चारचाकी, वर एसी, आणि "साहेबांना फोन लावतो" म्हणणारा माणूस तुला भेटेलच. नोटीस पूर्ण असेल तर शांतपणे तोड. यादीत असा एखादा असेल तर आधी त्याच्याकडे जा. गाव बघत असतं की ही बाई गरिबाच्याच पोलवर चढते की सगळ्यांच्या.

वीज तोडल्यावर एक वाक्य प्रत्येक घरात बोल: तारेवर आकडा टाकू नका आणि स्वतःहून वायर जोडू नका. थकबाकी हे देणं आहे, ते फेडता येतं. आकडा टाकला की ती चोरी, कलम 135, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तोडलेली वायर परस्पर जोडणं कलम 138 खाली येतं. शेजाऱ्याकडून वायर ओढली तर शेजारीही अनधिकृत वापरात अडकतो. आणि खटला तर पुढची गोष्ट, ओल्या भिंतीला लागलेल्या उघड्या वायरने पोर जाऊ शकतं. हे तळमळीने सांग, दम दिल्यासारखं नको.

घरात ऑक्सिजनचं यंत्र लागलेला माणूस दिसला, बाळंतीण दिसली, तर वायरला हात लावण्याआधी साहेबांना फोन कर आणि ते काय म्हणाले ते वहीत लिहून ठेव. हातात रोख पैसे घेऊ नकोस, कोणी कितीही गयावया केली तरी. भरणा केंद्रात नाहीतर ऑनलाइन भरायला लाव. चारचौघांत थकबाकीचा आकडा मोठ्याने वाचू नकोस. एकटी जाऊ नकोस. हातमोजे, टेस्टर, कमरेचा सुरक्षा पट्टा याशिवाय पोलवर चढायचं नाही, आणि घरात इन्व्हर्टर आहे का हे विचारल्याशिवाय तर नाहीच, त्याची वीज उलटी वायरमध्ये येऊ शकते. सोडलेल्या वायरचं टोक टेप लावून उंच बांध.

म्हातारीकडे परत जा. सोबत कोरा अर्ज आणि तिच्या बिलांची प्रत ने. नोटीस तिला मिळालीच नसेल तर तसं लेखी साहेबांपुढे ठेव. मिळाली असेल तर हप्त्यांचा अर्ज तिच्यासमोर बसून भर, अंगठा घे, पोचपावती तिच्या हातात दे. पैसे भरल्याचं कळलं की त्या दिवशीचं पहिलं काम तिची वायर जोडण्याचं. बाकीची यादी त्यानंतर.

तुझा,
आप्पा