एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जटिल प्रणालींचा (म्हणजे अनेक घटकांच्या परस्परक्रियेतून ज्यांचे वर्तन घडते अशा प्रणालींचा) आंतरविद्याशाखीय विषय घ्यावा का?

घ्यावा, परंतु ‘जटिलता’ हा विषय न मानता एखादी ठोस प्रणाली निवडावी आणि तिचा विदा (डेटा) हाती आल्याखेरीज प्रस्ताव लिहू नये. पद्धत आधी आणि प्रश्न नंतर, असा उलटा क्रम लागला की वर्ष हातचे निघून जाते.

मुंबईच्या प्लेगचे उदाहरण बोलके आहे. कर्मॅक आणि मॅककेंड्रिक या संशोधकांनी 1927 मध्ये साथीच्या प्रसाराचे गणिती प्रारूप मांडले, तेव्हा त्यांनी 1905-06 मधील मुंबईतील साप्ताहिक मृत्यूंचे आकडे वापरले आणि वक्र त्या आकड्यांशी सुरेख जुळला. तथापि प्लेग हा मूलतः उंदरांचा रोग असून तो पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, आणि मुंबईत त्याची साथ ऋतुमानानुसार चढत-उतरत असे. त्यामुळे संसर्गाचा दर स्थिर मानणाऱ्या समीकरणातील गुणांकांना जैविक अर्थ कितपत द्यावा, हा प्रश्न उरतोच. वक्र जुळणे आणि यंत्रणा उमगणे यांतील हे अंतर केवळ गणित येणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही (माझ्या मते प्रकल्पाचा खरा विषय तेथेच सापडतो).

म्हणून दुसऱ्या विद्याशाखेतील सहमार्गदर्शक पहिल्याच महिन्यात गाठावा, आणि मूल्यमापन कोणत्या विभागाच्या निकषांवर होणार हे लेखी ठरवून घ्यावे. प्रारूप लहान ठेवावे: दोन-तीन प्राचले (म्हणजे समीकरणातील असे गुणांक) पुरेशी असतात.