न मोजलेला बीपी लिहू नकोस

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

नाईट संपवून पाठवलेला तुझा मेसेज वाचला. दोघीच होतात, पेशंट बावन्न, तरी सगळ्यांचे चार्ट पूर्ण केलेस. तुझ्या मेहनतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. घोर लागला तो ‘पूर्ण’ या एका शब्दाचा.

आधी हिशेब समजून घे, वॉर्डात तो कुणी सांगत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डाला तीन खाटांमागे एक सिस्टर धरली आहे, पण ती तिन्ही पाळ्या मिळून. म्हणजे एका पाळीत नऊ खाटांमागे एक, आणि वर रजेवर जाणाऱ्यांच्या जागी 30 टक्के जादा. 36 खाटांच्या वॉर्डाला पाळीला चौघी हव्यात, एकूण साधारण सोळा. हा हिशेब खाटांचा. नागपूरचं सरकारी मेडिकल रुग्णालय असो की मेयो, गडचिरोली-गोंदियाहून किंवा पार बालाघाट-शिवनीहून रेफर झालेला पेशंट खाट नाही म्हणून परत पाठवता येत नाही. त्याची गादी जमिनीवर पडते आणि त्या गादीमागे एकही पद मंजूर नसतं. मंजूर आहेत त्यातली काही रिक्त, कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुणाला ओपीडीत पाठवलेलं.

परिचर्येच्या अमेरिकन संशोधक लिंडा आयकेन यांनी 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा अभ्यास मांडला. नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तिथे तुलना नर्समागे चार ते आठ पेशंटची होती. तू सव्वीस सांभाळत होतीस.

आता तुझी रात्र बघ. एकाला रक्त चढवायचं आहे. पहिली पंधरा मिनिटं त्याच्याजवळून हलायचं नाही; थंडी वाजते का, धाप लागते का, अंगावर गांधी उठतात का, हे डोळ्यांनी बघायचं. तू तिथे उभी राहिलीस की उरलेले एक्कावन्न दुसरीच्या गळ्यात. अशा रात्री अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलणं राहणार, काहींचे बीपी राहणार. राहिले तर ‘घेता आले नाहीत’ असंच लिही. सगळ्यांपुढे 120/80 टाकलास तर सकाळी राऊंडला डॉक्टर त्याच आकड्यावर औषध ठरवतील. आणि वरच्या ऑफिसला तो भरलेला चार्ट सांगेल की बावन्न पेशंटना दोघी पुरतात. हे मला फार लागतं, कारण आपल्याच हातांनी आपण पुढच्या पोरीची जागा खाऊन टाकतो.

रिपोर्ट बुकात दर पाळीला लिही: खाटा किती, पेशंट किती, जमिनीवर किती, ड्युटीवर किती जणी, कोणतं काम राहिलं, कुणाला किती वाजता कळवलं. तक्रारीची भाषा नको, नुसते आकडे. इन्चार्ज सिस्टर सुरुवातीला रागावतील. त्यांच्यावरही वरून दडपण असतं, उलट बोलू नकोस. पण खोडायला सांगितलं तर खोडू नकोस. मेट्रन ऑफिसातून पदांची मागणी वर जाते तेव्हा ‘स्टाफ कमी आहे’ एवढ्यावर फाईल हलत नाही, महिनोन्‌महिन्यांच्या अशा नोंदी लागतात.

सगळ्या जणींनी एकाच पद्धतीने लिहिलं तर वजन येईल. दुसऱ्या सिस्टरशी बोलून घे. पुढच्या ऑफला घरी ये, नोंद कशी मांडायची ते कोऱ्या वहीवर करून दाखवते.

तुझी,
मॅडम