साल नको, नाणं बघ

तुला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. १९५७ चा अमेरिकन प्रूफ सेट, म्हणजे संग्राहकांसाठी मुद्दाम आरशासारखी पाडलेली त्या सालची नाणी, एका पाकिटात. एक दुकानदार तो चांदीच्या भावाने मागतोय आणि त्याच सालचा, अशाच सेटमधला फ्रँकलिनचा अर्धा डॉलर (एका बाजूला बेंजामिन फ्रँकलिनचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घंटा) कुठेतरी कितीतरी पटींनी विकला गेला. "काका, खरं कोण?" अरे, दोघंही खरे असतील! तू मला साल कळवलंस, किती सेट पाडले तेही कळवलंस. नाणं कसं दिसतं, ते एका शब्दाने नाही.

त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १२,४७,९५२ सेट काढले. साधा सेट आजही त्यातल्या एकोणीसेक ग्रॅम चांदीच्या फार पुढे जात नाही. पण तेव्हा नवा साचा आम्लात बुडवून मग त्याचा सपाट भाग घासून आरशासारखा करत. म्हणून पहिल्या थोड्या नाण्यांवर चेहरा दहिवर पडल्यासारखा पांढरा उठतो, मागे काळाभोर आरसा. साचा झिजला की तो पांढरेपणा जातो, आणि पुढची सगळी नाणी नुसती चकचकीत. साल तेच, टांकसाळ तीच, किंमत वेगळी. म्हणून म्हणतो, साल नको, नाणं बघ. दोन्ही बाजू बघ. नुसता फ्रँकलिन पांढरा आणि घंटा चकचकीत, असं पुष्कळदा असतं.

मी हे बघितलं नाही. तुझ्याच वयाचा होतो, नुकताच न्यू जर्सीला आलो होतो. १९५७ चे चार सेट 'भरपूर मिळतात' म्हणून विकले आणि १९५० चा घेतला, कारण ते फक्त ५१,३८६. विकत घेणाऱ्याने माझ्यादेखत एक पाकीट दिव्याखाली तिरकं धरलं आणि तो गप्प झाला. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो.

१९५० चा सेट अजून माझ्याकडेच आहे. मुलगी म्हणते, विका. नाही विकणार. तो अर्धा डॉलर मंद आहे, मान्य. पण १९४२ नंतर बंद पडलेलं प्रूफचं काम त्या वर्षी पुन्हा सुरू झालं, हात बसायचा होता. ते त्या नाण्यावर दिसतं, आणि मला ते आवडतं. इथेही मी नाणंच बघतोय, साल नाही. उशिरा का होईना.

तू मात्र पाकीट फोडू नकोस, पुसायचं तर नावच काढू नकोस. प्लास्टिकमधूनच, एका बल्बखाली, हळूहळू तिरकं कर. फ्रँकलिनचा गाल आणि घंटा कशी दिसली ते रविवारपर्यंत कळव. तोवर दुकानदाराला होही नको, नाहीही नको.

तुझा काका