पायाशी कपाशी, मागे सातपुडा

प्रश्न : यावलजवळ शेताच्या बांधापासून सातपुड्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं. मीडियम फॉरमॅटमध्ये (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात) लेन्स झुकवता येईल असं काय घेऊ?

उत्तर : भाऊ, फुजीफिल्मची जीएफएक्स ही मीडियम फॉरमॅट बॉडी आणि त्यांचीच ३० मिमी टिल्ट-शिफ्ट, म्हणजे झुकणारी-सरकणारी, लेन्स घ्या. लेन्स खाली झुकवली की फोकसची पातळी उभी न राहता जमिनीलगत आडवी पसरते. ती ८.५ अंश झुकते, पण कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर जेमतेम १ अंश पुरतो. पायाजवळचं कपाशीचं बोंडसुद्धा डोंगराइतकंच रेखीव येतं. केळीबागेत मात्र झुकवू नका, जवळच्या झाडांचे शेंडे त्या आडव्या पातळीच्या बरेच वर राहून धूसर होतात. लेन्स हवी तशी झुकवता येणारा, भात्याचा व्ह्यू कॅमेरा मलाही प्रिय आहे, पण वैशाखातली आपली धूळ त्याच्या डिजिटल बॅकवर (मागे जोडायच्या सेन्सरवर) बसलेली मी पुसली आहे. शेतात तो नकोच.